वृक्षप्रतीके, जर्मन स्वच्छंदतावादी निसर्गचित्रांतील

वृक्षांची जात, अवस्था व मांडणी यांतून निसर्गचित्रात धार्मिक, तात्त्विक वा राजकीय आशय सुचविण्याची प्रथा. ती मुख्यतः कास्पार डाव्हिड फ्रीड्रिख (१७७४–१८४०) याच्या चित्रांच्या संदर्भात चर्चिली जाते. डच चित्रकार याकोप व्हान राइस्डाल याच्या ‘ज्यू दफनभूमी’ (सतराव्या शतकाचा मध्य) या चित्रातील वठलेला वृक्ष नश्वरतेचा निदर्शक मानतात. त्याची एक आवृत्ती ड्रेझ्डेनच्या संग्रहात असून फ्रीड्रिख १७९८ पासून त्याच शहरात राहत होता. त्यामुळे ती त्याच्या पाहण्यात आली असणे संभवते.

या प्रतीकविचाराचा मूळ आधार म्हणजे ‘टेचेन वेदीचित्र’ (सु. १८०७–०८) होय. सूचिपर्णी वृक्षांनी वेढलेला पर्वतशिखरावरील क्रूस हा त्याचा विषय. हे चित्र बोहीमियातील टेचेन येथील गढीतील प्रार्थनागृहासाठी थून घराण्यातील काउंटेसने करवून घेतले, अशी समजूत दीर्घकाळ रूढ होती. तथापि पुढे उजेडात आलेल्या पत्रव्यवहारावरून ते प्रथम स्वीडनचा राजा चौथा गुस्ताव्ह आडोल्फ याच्यासाठी योजिले असावे, हे मत अधिक ग्राह्य वाटते. प्रत्यक्षात ते प्रार्थनागृहाऐवजी शयनकक्षात लावले गेले. निसर्गचित्राला वेदीवर स्थान देण्यास रामडोर या समीक्षकाने १८०९ मध्ये आक्षेप घेतला. त्यानंतर फ्रीड्रिखने केलेल्या खुलाशात सदाहरित फर वृक्षांचा अर्थ ख्रिस्तावरील मानवाची आशा असा दिला आहे. हा अर्थ चित्र पूर्ण झाल्यावर, वादाच्या भरात सांगितलेला आहे, हे ध्यानात घ्यावे लागते.

‘ओकवनातील मठ’ (१८०९–१०) या चित्रात एल्डेना येथील भग्न मठाभोवती निष्पर्ण ओक दाखविले आहेत. कला-इतिहासकार हेल्मुट ब्योर्श-झुपान याने ओक म्हणजे ख्रिस्तपूर्व जीवनदृष्टी व फर म्हणजे ख्रिस्ती श्रद्धा, अशी संगती फ्रीड्रिखच्या चित्रांच्या १९७३ च्या सूचिग्रंथात लावली. ती सर्वत्र लागू पडत नाही. नेपोलियनविरोधी युद्धाच्या काळातील ‘वनातील शासर’ (शासर म्हणजे फ्रेंच सैन्यातील हलक्या दलाचा सैनिक) या चित्रात एकाकी फ्रेंच सैनिकासमोर उभे असलेले फरचे घनदाट वन आशेपेक्षा जर्मन भूमीचेच निदर्शक ठरते. शिवाय प्रत्यक्ष वृक्षांवरून केलेली तीच रेखाटने फ्रीड्रिखने निरनिराळ्या चित्रांत वापरली आहेत. म्हणून प्रत्येक वृक्षाचा अर्थ त्या त्या चित्राच्या रचनेतून ठरविणे अधिक सयुक्तिक होय. ‘एकाकी वृक्ष’ (१८२२) या चित्रातील शेंडा वठलेल्या, पण खाली पालवलेल्या ओकाच्या बुंध्याशी एक मेंढपाळ टेकून उभा आहे. तेथे ओकाला केवळ मूर्तिपूजक भूतकाळाचे प्रतीक म्हणणे कठीण जाते.