एसटी (संक्षेप)

एसटी : मराठीत रोज वापरला जाणारा, मूळ इंग्रजी आद्याक्षरांचा संक्षेप. त्याचे दोन अर्थ सर्वांत रूढ आहेत. एक राज्य परिवहनाची प्रवासी बस आणि ती चालवणारे महामंडळ, दुसरा भारतीय संविधानातील ‘अनुसूचित जमाती’ हा प्रवर्ग. अक्षरे तीच असली तरी दोन्ही अर्थांचा उगम वेगळा आहे.

बसच्या अर्थाने ‘एसटी’ म्हणजे ‘स्टेट ट्रान्सपोर्ट’. खाजगी गाड्यांच्या मनमानीतून प्रवाशांना सोडवण्यासाठी मुंबई प्रांताच्या सरकारने प्रवासी वाहतूक आपल्या हाती घेतली आणि 1 जून 1948 रोजी पुणे–अहमदनगर मार्गावर पहिली बस धावली. त्या वेळी मुंबई हा प्रांत होता. ‘राज्य’ हे नाव त्याला 1950 मध्ये मिळाले. त्यामुळे ‘स्टेट’मध्ये मुळात ‘सरकारी’ हाच अर्थ अधिक होता असे म्हणावे लागते. 1960 मध्ये द्विभाषिक मुंबई राज्याचे विभाजन झाले, तरी संक्षेप दोन्हीकडे टिकला. गुजरातेतही सरकारी बसला आजवर एसटीच म्हणतात. महाराष्ट्रातील महामंडळ कागदोपत्री मात्र ‘रा.प.’ हे मराठी रूप वापरते : रा.प. बस, रा.प. महामंडळ. स्थानकाबाहेर ते कुणाच्या तोंडी बसलेले नाही.

लोकांनी हा संक्षेप पुरता आपला करून घेतला. ‘गाडी’प्रमाणे त्याला स्त्रीलिंग मिळाले, ‘एसट्या’ असे अनेकवचन झाले, खेड्यापाड्यांत ‘एष्टी’ असा उच्चार रुळला. ‘शेवटची एष्टी गेली’ हे वाक्य ज्या गावात ऐकू येते, तिथे त्याचा अर्थ आजचा मुक्काम इथेच, असा होतो. ‘गाव तेथे एसटी’ हे घोषवाक्य आणि ‘लालपरी’ हे लाडके नाव याच आपलेपणातून आले. पुढे शिवनेरी, शिवशाही अशी नवी नावे आली. जून 2022 मध्ये ‘शिवाई’ ही विजेवरची बस सुरू झाली, तीही पुणे–नगर या पहिल्याच मार्गावर.

दुसरा अर्थ ‘शेड्युल्ड ट्राइब’. संविधानाच्या अनुच्छेद 342 नुसार राष्ट्रपती प्रत्येक राज्यासाठी जमातींची यादी अधिसूचित करतात. पहिला आदेश 1950 चा आहे. पुढे यादीत भर घालायची किंवा नाव वगळायचे, तर संसदेलाच कायदा करावा लागतो. 2011 च्या जनगणनेत महाराष्ट्राच्या लोकसंख्येत अनुसूचित जमातींचे प्रमाण सुमारे 9.4 टक्के होते. राज्याच्या नोकऱ्यांत त्यांना 7 टक्के आरक्षण आहे. विधानसभेच्या 288 पैकी 25 आणि लोकसभेच्या 48 पैकी 4 जागा राखीव आहेत : नंदुरबार, दिंडोरी, पालघर आणि गडचिरोली-चिमूर. मराठीत या प्रवर्गाचा संक्षेप ‘अ.ज.’, तर अनुसूचित जातींचा ‘अ.जा.’. दोहोंत फरक एका कान्याचा. छपाईत तो कानाच निसटला, तर वाचणाऱ्यापुढे प्रवर्गच बदलतो, म्हणून अधिकृत मजकुरात पूर्ण नाव लिहिणे केव्हाही बरे. शिवाय एसटी ही प्रशासनाची वर्गवारी आहे, कुणाची ओळख नव्हे. माणसे स्वतःला भिल्ल, गोंड, वारली, कोकणा, कोलाम, कातकरी, माडिया अशा नावांनी सांगतात, आणि लिहिणाऱ्यानेही शक्य तिथे तीच नावे घ्यावीत.

हे दोन अर्थ बातम्यांच्या मथळ्यांत एकमेकांवर आदळतात. ‘एसटी आरक्षण’ म्हणजे दिवाळीत गावी जाण्यासाठी खिडकीवर काढलेले आसनही, आणि प्रवर्गाचे आरक्षणही. धनगर समाजाच्या या प्रवर्गात समावेशाच्या मागणीची बातमी याच दोन शब्दांनी सुरू होते. ‘एसटी सवलत’ म्हणजे 17 मार्च 2023 पासून महिलांना मिळणारे अर्धे तिकीट, की जमातीच्या विद्यार्थ्याची शुल्कमाफी? ‘ते एसटीतून आले’ या वाक्यात बसही बसते आणि राखीव मतदारसंघही. बोलताना संदर्भ हाताशी असतो, मथळ्याला तो नसतो. अक्कलकुवा किंवा भामरागडसारख्या तालुक्यांत तर दोन्ही अर्थ एकाच घरात नांदतात : जमातीच्या दाखल्यासाठी तालुक्याला जायचे ते एसटीनेच.

बाकीचे अर्थ मर्यादित वापराचे. शाळा-महाविद्यालयांच्या इंग्रजी पाट्यांवरची हीच दोन अक्षरे ‘सेंट’ अशी वाचली जातात, आणि पत्त्यात रस्त्याच्या नावामागे आली तर ‘स्ट्रीट’ अशी. जुन्या ‘सीएसटी’ या संक्षेपातही ती दिसतात, पण तिथे त्यांना स्वतंत्र अर्थ नाही : व्यापाऱ्यासाठी तो केंद्रीय विक्रीकर होता, मुंबईकरासाठी छत्रपती शिवाजी टर्मिनस.

हृदयाच्या आलेखातील ‘एसटी’ हा मात्र संक्षेपच नाही. डच शरीरशास्त्रज्ञ विलेम आइंटहोव्हेन यांनी आलेखाच्या चढउतारांना पी, क्यू, आर, एस, टी अशी क्रमाने अक्षरे दिली. त्यांतील एस आणि टी यांच्यामधला भाग तो एसटी. तो आधाररेषेच्या वर उचललेला दिसला, तर डॉक्टरांना हृदयविकाराच्या तीव्र झटक्याची शंका येते आणि उपचारांची धावपळ सुरू होते.