नैराश्य ‘घराण्यात आहे’ म्हणजे नेमके काय?

कोकणात स्थळ पाहायला आलेली मंडळी पत्रिका जुळली तरी एक गोष्ट आडून विचारून घेतात : घराण्यात कोणी ‘तसे’ होते का? प्रश्न अगदीच निराधार नाही. आईवडील किंवा भावंडांपैकी कोणाला तीव्र नैराश्य असेल, तर ते आपल्याला होण्याची शक्यता इतरांच्या दोन ते तीन पट असते. जुळ्यांच्या अभ्यासांवरून नैराश्याची आनुवंशिकता सुमारे 37 टक्के येते. मात्र हा आकडा समाजातील माणसामाणसांमधल्या फरकाचा आहे, एखाद्याच्या दुःखातला रक्ताचा वाटा मोजणारा नव्हे.

नैराश्याशी ज्याचे नाव नेहमी जोडले जाते ते सेरोटोनिन म्हणजे मेंदूतील पेशींमधले निरोप्या रसायन. एक पेशी ते सोडते आणि दुसऱ्या पेशीवरील ‘रिसेप्टर’ नावाची प्रथिने ते टिपतात. या रिसेप्टरचे अनेक प्रकार आहेत. त्यांपैकी ‘1ए’ हा प्रकार सेरोटोनिन तयार करणाऱ्या पेशींवरही असतो आणि तेथे तो सेरोटोनिन सोडण्यावर ब्रेकचे काम करतो. त्याच्या जनुकाचे नियंत्रण करणाऱ्या भागात काही लोकांमध्ये डीएनएच्या ‘सी’ या अक्षराच्या जागी ‘जी’ असते. त्यामुळे जनुकाला आवरणारे प्रथिन तेथे नीट चिकटत नाही आणि रिसेप्टर वाढून ब्रेक अधिक घट्ट लागतो, असे प्रयोगशाळेत दिसले. स्पष्टीकरण इतके सुबक होते की त्यावर विश्वास बसावा. प्रत्यक्ष रुग्णांमध्ये मात्र निष्कर्ष एकसारखे आले नाहीत.

सेरोटोनिन परत शोषून घेणाऱ्या वाहक प्रथिनाच्या जनुकाचेही तेच झाले. या जनुकाचा आखूड प्रकार असलेल्यांना आयुष्यातील आघातांनंतर नैराश्य अधिक येते, असे न्यूझीलंडमधील डनेडिनच्या अभ्यासाने 2003 मध्ये मांडले आणि पुढे कित्येक वर्षे संशोधक त्यामागे लागले. 2019 मध्ये अशा 18 बहुचर्चित जनुकांची लाखो लोकांच्या माहितीवर फेरतपासणी झाली, तेव्हा त्यांचा नैराश्याशी विशेष संबंध आढळला नाही. त्याच वर्षी 8 लाखांहून अधिक लोकांच्या संपूर्ण जनुकसंचाची छाननी करून 102 ठिकाणे सापडली. त्यांत डोपामिन या मेंदूतील आणखी एका निरोप्या रसायनाच्या ‘डी2’ रिसेप्टरचे जनुक आहे, पण प्रत्येक ठिकाणाचा परिणाम अगदीच किरकोळ आहे.

उरलेला भाग परिस्थितीचा, आणि तो आंबा बागायतदाराला समजावून सांगावा लागू नये. एकाच हापूसच्या झाडाच्या काड्या घेऊन बांधलेली कलमे जनुकांनी सारखीच. तरी एक भरभरून मोहोरते, तर दुसऱ्याचा मोहोर अवकाळी पावसात काळा पडून गळतो. माणसाच्या बाबतीत हा पाऊस म्हणजे बालपणीचे हाल, कर्ज, जवळच्यांचा मृत्यू, दीर्घ आजार. (कलमाचे रूपक फार ताणू नये, हुबेहूब एकसारखी (समरूप) जुळी सोडली तर कोणतीही दोन माणसे एकाच झाडाची कलमे नसतात.)

म्हणून स्थळ नाकारण्याइतके ठाम उत्तर आज कोणत्याही जनुकचाचणीकडे नाही. शिवाय त्या 102 ठिकाणांचा शोध युरोपीय वंशाच्या लोकांमध्ये लागलेला आहे. त्यावरून काढलेला जोखमीचा गुणांक राजापुरातल्या किंवा वेंगुर्ल्यातल्या माणसाला जसाच्या तसा लावता येत नाही.