रिप केलेल्या ब्लू-रेमध्ये चौकोन आणि दातेरी रेषा येतात कुठून?

आपल्या गोव्यात ब्लू-रे डिस्क घरी आल्या त्या जास्त करून बॅगेतून, निदान माझ्या ओळखीच्या घरांत तरी. कोणी दुबईहून सुट्टीला आला, कोणी लंडनहून, कोणी लिस्बनहून. आता डिस्क जगाच्या कुठल्या भागात चालायची ते रिजनवर ठरतं, युरोप आणि आखात येतं रिजन B मध्ये, भारत येतो C मध्ये, त्यामुळे इथे घेतलेल्या प्लेयरवर बऱ्याच डिस्क लागतच नाहीत, मग कॉम्प्युटरला ड्राइव्ह जोडून रिप करायचं, म्हणजे पिक्चर फाइल म्हणून उतरवून घ्यायचा, आणि पेनड्राइव्हवरून टीव्हीला लावायचं. (2012 पासून कॉपीराइट कायद्यात 65A कलम आहे, हक्कभंगाच्या हेतूने कॉपी रोखणारं कुलूप तोडणं गुन्हा, तेवढं ध्यानात असू दे.) आणि रिपमध्ये चौकोन दिसले की पहिला आळ पावसाळ्यावर, डिस्कला बुरशी लागली म्हणून.

बुरशी लागते, नाही असं नाही. ब्लू-रेचा डेटा पृष्ठभागाखाली फक्त 0.1 मिलिमीटरवर असतो, डीव्हीडीचा 0.6 वर, त्यामुळे अगदी सुरुवातीच्या जपानी ब्लू-रे तर डबीत बंद करून यायच्या, हार्ड कोटिंग आल्यावर ती डबी गेली. पण डिस्क खरोखर खराब असेल तर ड्राइव्ह घरघरतो, स्पीड पडतो, रीड एरर येतात. एकही एरर न येता रिप पूर्ण झालं आणि तरी चित्र फुटतंय, तर डिस्क पुसत बसू नका, भानगड दुसरीकडे आहे आणि ती बरीच जुनी आहे.

2006 मध्ये एचडी डीव्हीडी आणि ब्लू-रे दोन्ही बाजारात आल्या. डीव्हीडीचं कुलूप 1999 लाच फुटलेलं, तेव्हा स्टुडिओवाले घाबरलेलेच होते, म्हणून दोन्ही फॉरमॅटना एएसीएस हे नवीन कुलूप लावलं, आणि त्याच वर्षी डिसेंबरात ते एचडी डीव्हीडीवर फुटायला लागलं. ब्लू-रेवर व्हिडिओ 6144 बाइटच्या तुकड्यांत एन्क्रिप्ट होतो, प्रत्येक तुकड्याचे पहिले 16 बाइट उघडे आणि बाकी सगळं बंद. इथे किल्लीच चुकली तर ती क्लिप पूर्णच कचरा होते, अधूनमधून चौकोन असा प्रकार होत नाही.

अधूनमधूनच्या चौकोनांचा खरा किस्सा बीडी प्लसचा. हे फक्त ब्लू-रेवालं दुसरं कुलूप, पहिल्या डिस्क 2007 च्या ऑक्टोबरमध्ये आल्या. यात डिस्कवरच एक छोटा प्रोग्राम असतो, तो प्लेयरमधल्या व्हर्च्युअल मशीनवर (सॉफ्टवेअरने बनवलेल्या छोट्या कॉम्प्युटरवर) चालतो, प्लेयर अस्सल आहे का ते तपासतो, आणि पुढचा भाग तर कमालच आहे: डिस्कवरचा व्हिडिओ जागोजागी मुद्दाम बिघडवून ठेवलेला असतो आणि तो दुरुस्त करायचा तक्ता हा प्रोग्राम चालू असतानाच प्लेयरला देतो. म्हणजे एएसीएस उघडून फाइल कॉपी केली तरी त्या जागा बिघडलेल्याच राहणार, पंधरा मिनिटं सुरेख चालेल आणि मग नटीच्या चेहऱ्यावर चौकोनांचा सडा. एका विश्लेषकाने 2007 मध्ये सांगितलेलं की हे बहुधा दहा वर्षं तरी फुटणार नाही, वर्षभराच्या आतच फुटलं. उलट पहिल्या बीडी प्लस डिस्कवर पैसे देऊन घेतलेले काही खरे प्लेयरच अडले, हे मला आजही चोराला सोडून संन्याशाला सुळी दिल्यासारखं वाटतं.

म्हणून त्या काळातली डिस्क असेल आणि चौकोन दर वेळी त्याच मिनिटाला, त्याच सेकंदाला येत असतील, तर आधी बघा रिप करणाऱ्या सॉफ्टवेअरने बीडी प्लसचा तक्ता लावला का. एएसीएसवाल्या डिस्कवर व्हिडिओच्या भागांचे हॅशही (डेटा तोच आहे का ते ताडायचे आकडे) दिलेले असतात, मेकएमकेव्ही हे रिपचं सॉफ्टवेअर ते ताडून बघतं आणि जुळलं नाही तर लॉगमध्ये, म्हणजे कामाच्या नोंदीत, 'हॅश चेक फेल्ड' लिहितं, पण लॉग वाचतो कोण! चौकोनांची जागा दर वेळी बदलत असेल तर मात्र फाइल बहुधा ठीक आहे, प्लेयर नाहीतर ग्राफिक्स कार्डाचा ड्रायव्हर तपासा.

पुढे काही स्टुडिओंनी दुसरी युक्ती काढली, एकाच डिस्कवर शेकडो खोट्या प्लेलिस्ट. पिक्चर बारीक बारीक क्लिपमध्ये कापलेला, त्यांचा बरोबर क्रम एकाच प्लेलिस्टमध्ये. चुकीची निवडली की चित्र स्वच्छ पण लग्न आधी आणि ओळख नंतर.

आता दातेरी रेषा. यात कुलपाचा काही संबंध नाही, हे 1930 च्या दशकातलं इंटरलेसिंग आहे, तेव्हाच्या टीव्हीला पूर्ण फ्रेम एका दमात पाठवणं जड होतं म्हणून आधी विषम ओळी आणि मग सम ओळी, अशा प्रत्येक अर्ध्या चित्राला म्हणायचं फील्ड. दोन फील्डच्या मधे काही हललं की कडेला दात. ब्लू-रेच्या मूळ नियमांत 1080 ओळींची 25 फ्रेमवाली प्रोग्रेसिव्ह (पूर्ण फ्रेम एकदम) सोयच नव्हती, त्यामुळे ब्रिटनहून आलेल्या टीव्ही मालिका आणि डॉक्युमेंटरी 1080i50 (इंटरलेस्ड, सेकंदाला 50 फील्ड) म्हणून भरलेल्या असतात, जरी शूटिंग प्रोग्रेसिव्ह असलं तरी. तिथे डीइंटरलेस, म्हणजे फील्डमधून पूर्ण फ्रेम बनवून दात घालवणारी सोय, लावलं तर चित्र उगाच मऊ पडतं. याच्या उलट आपल्याकडची लग्नं, जत्रा, फोंड्याच्या कला मंदिरातली नाटकं, जी एव्हीसीएचडी (एचडी कॅमकॉर्डरचा फॉरमॅट) कॅमेऱ्यावर घेऊन डिस्कवर दिली गेली, ती बऱ्याचदा खरी इंटरलेस्ड. नायकाने हात उगारला त्या क्षणी पॉज करा, तलवारीच्या कडेला दात दिसतील आणि मागचा पडदा मात्र साफ. तिथे डीइंटरलेस लावायचंच, आणि पन्नासच्या पन्नास फील्डची पन्नास फ्रेम करून, नाहीतर निम्मी हालचाल गेली. दात जाऊन चित्र पुढेमागे थरथरायला लागलं तर फील्डचा क्रम उलटा लागलाय, तो बदला.

अमेरिकन डिस्कवर सरकत्या दृश्यात हलके झटके बसतात ते आणखी वेगळं. सेकंदाला 24 फ्रेमचा सिनेमा आणि 60 हर्ट्झचा पडदा, मग एक फ्रेम दोनदा तर पुढची तीनदा दाखवायची. त्यात 1953 च्या अमेरिकन रंगीत टीव्हीमुळे 60 चं 59.94 झालं आणि 24 चं 23.976. टीव्हीला 24 चा मोड असेल तर तो लावून मोकळे व्हा.

आणि एक तक्रार नेहमीची, कॉम्प्युटरवर मस्त चालतं पण टीव्हीच्या पेनड्राइव्हवर फुटतं. एच.264 ही व्हिडिओ दाबायची पद्धत, आणि लेव्हल म्हणजे तो उलगडायला किती ताकद लागेल त्याची मर्यादा. ब्लू-रेचा एच.264 जास्तीत जास्त लेव्हल 4.1 चा, त्यात 1080 च्या चित्राला रेफरन्स फ्रेम (चित्र बनवताना आधाराला धरायच्या दुसऱ्या फ्रेम) चारच चालतात. फाइल लहान करण्याच्या नादात एन्कोडरमध्ये (व्हिडिओ दाबणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये) कोणी सोळा टाकले की प्रोसेसर निभावून नेतो, टीव्हीतली चिप हात टेकते. चार ठेवून परत एन्कोड करा, आणि तेही मूळ रिपवरून, आधीच दाबलेल्या फाइलवरून नको.

2016 नंतरच्या यूएचडी (4K) डिस्कमध्ये रंग राखाडी, धुतल्यासारखे दिसत असतील तर तिथे काहीच बिघडलेलं नाही, एचडीआर (जास्त उजेड-अंधाराचं) चित्र साध्या पडद्यावर टोन मॅपिंगशिवाय, म्हणजे पडद्याला झेपेल असं उजेड-रंग न बसवता, चाललंय, प्लेयरमध्ये तेवढं चालू करा. मुळात त्याच डब्यात बहुतेक वेळा साधी ब्लू-रेही असते, जुना टीव्ही असेल तर सरळ तीच रिप करा.