व्हॅली ऑफ फ्लॉवर्सला निघण्याआधी

बुकिंगचा फोन आला की एक प्रश्न ठरलेला: "त्या तारखांना पाऊस नसेल ना हो?" असणार. जुलै-ऑगस्टमध्ये तिथे फुलं असतात ती पावसाच्याच जिवावर. उत्तराखंडातल्या या घाटीचं जगभर झालेलं नावसुद्धा एका पावसाचीच देणगी आहे.

१९३१ च्या जूनमध्ये फ्रँक स्माइथ, एरिक शिप्टन आणि होल्ड्सवर्थ या इंग्रज गिर्यारोहकांनी गढवालमधलं ७,७५६ मीटरचं कामेत सर केलं. तोवर माणूस एवढ्या उंच शिखरावर पोचला नव्हता. माथ्यावर त्यांच्यासोबत लेवा हा शेर्पाही होता, हे सांगायचं बऱ्याचदा राहून जातं. परतताना बद्रीनाथच्या बाजूला जाण्यासाठी मंडळींनी भ्यूंडार खिंड ओलांडली. गार पाऊस, धुकं, समोरचं दिसेना. खाली उतरले तर चहूकडे फुलंच फुलं. १९३७ मध्ये स्माइथ पुन्हा आला, घाटीत तंबू ठोकून राहिला, बिया आणि कंद गोळा केले. पुढच्या वर्षी आलेल्या त्याच्या पुस्तकाच्या नावावरून हिला 'व्हॅली ऑफ फ्लॉवर्स' म्हणू लागले.

त्यानं घाटी 'शोधली' असं आमचे गाइड म्हणणार नाहीत, आपणही म्हणू नये. भ्यूंडार गावचे लोक पिढ्यान् पिढ्या इथे मेंढ्या-बकऱ्या चारायला आणत होते. शेजारच्याच हेमकुंड या शीख तीर्थाचा सरोवरकाठ संत सोहन सिंग यांनी १९३४ मध्ये गावकऱ्यांच्याच मदतीनं गाठला. आज घाटीखालच्या घांगरिया गावाच्या वाटेवर सर्वांत जास्त गर्दी दिसते ती त्या यात्रेकरूंची.

पुस्तकामागोमाग १९३९ मध्ये जोन मार्गारेट लेग आल्या. वय ५४, काम वनस्पतींचे नमुने गोळा करण्याचं. ४ जुलैला उतारावर फुलं वेचताना पाय घसरला आणि त्या गेल्या. पुढे त्यांच्या बहिणीनं येऊन इथे संगमरवरी पाटी बसवली. 'मी डोंगरांकडे डोळे लावीन' अशा अर्थाचं बायबलमधलं वचन तीवर कोरलेलं आहे. आमचा ग्रुप तिथे थांबतो. शक्यतो फोटोची घाई नको. आणि भोवतालचा उतार नीट बघा: ओलं गवत, खाली सुटे दगड. सह्याद्रीत पावसाळी ट्रेक केलेल्यांना वेगळं सांगायला नको. बुटांचे तळवे गुळगुळीत झाले असतील तर नवे घ्या, आणि ते घरी महिनाभर वापरून मगच आणा.

१९८२ मध्ये राष्ट्रीय उद्यान झालं आणि चराई बंद झाली. क्षेत्र जेमतेम ८७.५ चौरस किलोमीटर. चराई थांबल्यावर 'अमेला' नावाचं उंच झुडूप माजलं आणि नाजूक फुलझाडं त्याखाली दबू लागली. मेंढ्यांमुळे नुकसान होत होतं की मेंढ्याच समतोल राखत होत्या, यावर अभ्यासकांचं अजून एकमत नाही. वन विभागाला मात्र अमेला उपटत बसावं लागतं. २००५ मध्ये नंदादेवी उद्यानाच्या जोडीनं घाटीला जागतिक वारशाचा दर्जा मिळाला.

"स्माइथ राहिला, मग आपण का नाही?" असंही विचारतात. आता आत मुक्कामाला परवानगी नाही. सकाळी घांगरियाच्या चौकीवर परवाना काढायचा आणि संध्याकाळच्या आत बाहेर यायचं. खेचरं आत सोडत नाहीत. चालणं झेपत नसेल तर कंडी मिळते, म्हणजे माणूस पाठीवरून वाहून नेतो ती टोपली. आदल्या रात्री आम्हाला सांगा.

कास पाहून आलेल्यांसाठी एक सूचना. इथे एकाच रंगाचा गालिचा शोधू नका. दर आठवड्याला फुलं बदलतात, आणि निळी खसखस तर बहुधा दगडाच्या आडोशाला एकटीच उभी असते. पावसात तिच्या पाकळ्या ओल्या पतंगी कागदासारख्या दिसतात.

छत्री वाऱ्यात टिकत नाही. पोंचो आणा, सॅकला कव्हर लावा, आणि मोज्यांचा एक जोड प्लॅस्टिकच्या पिशवीत कोरडा ठेवा. ती पिशवी परत घरी न्यायची.