डॉक्टरने खणलेला कालवा : तेत्सू नाकामुरा आणि नांगरहारचा दुष्काळ

पूर्व अफगाणिस्तानातल्या जलालाबाद शहराच्या आसपास, कुनार नदीच्या काठाने गेलात तर आज गव्हाची शेतं लागतात, भातखाचरं लागतात, संत्र्याच्या बागाही लागतात. गंबेरीचा पट्टा तर पूर्वी निव्वळ वाळवंट होता. हे पाणी तिथवर नेलं ते एका जपानी डॉक्टरने. तेत्सू नाकामुरा हे त्यांचं नाव. तिथली माणसं त्यांना ‘काका मुराद’ म्हणत. 4 डिसेंबर 2019 रोजी जलालाबादमध्ये बंदूकधाऱ्यांनी त्यांच्या गाडीवर हल्ला केला. त्यात ते आणि त्यांच्यासोबतचे पाच अफगाण गेले. काबूलच्या विमानतळावर त्यांच्या शवपेटीला राष्ट्राध्यक्ष अश्रफ घनी यांनी स्वतः खांदा दिला. एका परक्या डॉक्टरला हा मान का मिळाला, हे कळायला पस्तीस वर्षं मागे जावं लागतं.

नाकामुरा यांचा जन्म 1946चा, जपानच्या फुकुओकाचा. 1973 साली ते क्युशू विद्यापीठातून डॉक्टर झाले. डोंगर आणि फुलपाखरं यांचं वेड त्यांना लहानपणापासून होतं. त्याच ओढीने 1978 मध्ये एका गिर्यारोहण पथकाचे डॉक्टर म्हणून ते हिंदुकुशमध्ये गेले. वाटेत गावोगावचे आजारी लोक औषधाच्या आशेने पथकाजवळ येत आणि देण्यासारखं फारसं काही हाताशी नसे. ती बोच त्यांच्या मनातून गेली नाही. 1984 साली ते पेशावरच्या मिशन रुग्णालयात कुष्ठरोग विभागात रुजू झाले. मागे जपानमध्ये मित्रमंडळींनी ‘पेशावर-काई’ ही संस्था काढली होती आणि सामान्य जपानी लोकांच्या देणग्यांवर हे सगळं काम चालणार होतं.

पेशावरमधली एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. कुष्ठरोगात पायाची संवेदना जाते. चपलेचा खिळा टोचतो, खडा घुसतो, रुग्णाला कळतच नाही, मग जखम चिघळते आणि शेवटी पाय कापायची वेळ येते. नाकामुरा जखमांवर उपचार करत राहिलेच, पण त्यांनी रुग्णालयातच चपला बनवण्याचा छोटा कारखाना सुरू केला. चपला दिसायला स्थानिक धाटणीच्याच होत्या, म्हणजे लोक त्या मनापासून घालतील. जखम का होते ते शोधायचं आणि तिथेच हात घालायचा, ही त्यांची रीत. पुढचा 25 किलोमीटरचा कालवा याच रीतीतून आला.

सोव्हिएत युद्धाच्या काळात अफगाण निर्वासितांचे लोंढे पेशावरला आले. कुष्ठरोगी जिथून येत होते त्या डोंगराळ भागात मुळात डॉक्टरच नव्हता. म्हणून 1991 मध्ये सीमेपलीकडे, अफगाणिस्तानच्या नांगरहार प्रांतातल्या दारा-ए-नूर खोऱ्यात दवाखाना उघडला गेला.

आणि मग 2000 साल उजाडलं. संपूर्ण अफगाणिस्तानावर भीषण दुष्काळ कोसळला. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार 1 कोटी 20 लाख लोकांना त्याची झळ बसली आणि 10 लाख लोक भूकबळीच्या उंबरठ्यावर होते. दारा-ए-नूरच्या दवाखान्यात आया दूरवरून पोरं कडेवर घेऊन येत. हगवणीने निपचित पडलेली ती मुलं कधी रांगेतच आईच्या मांडीवर जीव सोडत. अन्न नाही, प्यायला गढूळ पाणी. त्यावर गोळ्या किती पुरणार? नाकामुरांनी त्याच वर्षी विहिरी खणायला घेतल्या. खाली मोठमोठे धोंडे लागले तेव्हा युद्धातल्या न फुटलेल्या दारूगोळ्यातली दारू काढून, पूर्वीच्या मुजाहिदांच्या मदतीने सुरुंग लावले गेले. काही वर्षांत सुमारे 1600 विहिरी झाल्या.

2001च्या ऑक्टोबरमध्ये, अमेरिकेचे बॉम्ब पडत असताना, त्यांना जपानच्या संसदेत साक्षीसाठी बोलावलं होतं. जपानी सैन्य पाठवण्याने भलं होणार नाही, उलट नुकसानच होईल, असं त्यांनी तिथे रोखठोक सांगितलं. देशभरातून आलेल्या देणग्यांतून काबूलमध्ये पीठ आणि तेल वाटलं गेलं. उरलेला पैसा शेतीच्या पाण्यासाठी ठेवला गेला.

कारण विहिरींचं पाणी खोल खोल जात होतं. हिंदुकुशच्या बर्फावर पोसलेली कुनार नदी मात्र वाहतच होती. शंभर दवाखान्यांपेक्षा एक कालवा, असं ते म्हणू लागले. दवाखाना कमी लेखण्यासाठी हे म्हटलं नव्हतं; डोळ्यांसमोर मुलं गेलेल्या डॉक्टरचं ते निदान होतं. 2002च्या डिसेंबरमध्ये त्यांचा स्वतःचा दहा वर्षांचा मुलगा मेंदूच्या गाठीने गेला. त्यानंतर तीन महिन्यांत, मार्च 2003 मध्ये, मारवारिद कालव्याची कुदळ पडली.

अभियांत्रिकीचं शिक्षण नव्हतं. मुलीच्या शाळेतलं गणिताचं पुस्तक घेऊन ते आकडेमोड शिकले, पोकलेन स्वतः चालवू लागले. नदीचं पाणी कालव्यात कसं वळवायचं, याचं उत्तर सापडलं ते त्यांच्याच मुलखात. फुकुओकातल्या चिकुगो नदीवर 1790 साली बांधलेला यामादा बंधारा आहे. तो नदीला आडवा नाही, तिरपा घातलेला आहे, त्यामुळे पुराचा जोर विखुरतो आणि पाणी कमी असतानाही कालव्यात वळतं. तीच पद्धत त्यांनी कुनारवर आणली. कालव्याच्या काठांना सिमेंट न वापरता तारेच्या जाळ्यांत दगड भरून रचले. आपल्याकडे पाणलोटाच्या कामात गॅबियन बंधारे पाहिलेल्यांना हे लगेच ओळखू येईल. जाळ्यांमागे वाळुंजाची झाडं लावली, त्यांची मुळं दगडांना कवळून धरतात. निवड विचारपूर्वक होती. अफगाण शेतकरी दगड रचण्यात पिढ्यान्‌पिढ्या तरबेज. काठ ढासळला तर परदेशी यंत्राची, परदेशी इंजिनिअरची वाट न पाहता गावकरीच तो पुन्हा उभा करू शकतात.

रोज शेकडो माणसं मजुरीवर राबली. त्यांत शेतकरी होते, परतलेले निर्वासित होते, कालपर्यंत बंदूक धरणारेही होते. ज्याच्या घरात चूल पेटते तो पैशासाठी लढायला जात नाही, यावर नाकामुरांचा ठाम विश्वास होता. 2008 मध्ये शेतीचं काम पाहणाऱ्या एका तरुण जपानी सहकाऱ्याचं अपहरण होऊन हत्या झाली. तेव्हा त्यांनी इतर जपानी कार्यकर्त्यांना मायदेशी पाठवलं आणि स्वतः तिथेच राहिले. 2010 मध्ये पाणी गंबेरीपर्यंत पोचलं. कालव्यालगत गावकऱ्यांसाठी मशीद आणि मदरसाही उभा राहिला. पुढे आणखी बंधारे झाले. संस्थेच्या हिशेबाने एकूण सुमारे 16,000 हेक्टर जमीन ओलिताखाली आली आणि साडेसहा लाख लोकांच्या पोटाची सोय झाली.

2003 मध्ये त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला, 2019च्या ऑक्टोबरमध्ये अफगाणिस्तानचं सन्माननीय नागरिकत्व. दोनच महिन्यांनी त्यांची हत्या झाली.

2021 मध्ये तालिबान सत्तेवर आलं तेव्हा काम काही काळ थांबलं, मग पुन्हा सुरू झालं. 2022 मध्ये त्याच राजवटीत जलालाबादमध्ये त्यांच्या नावाचा चौक झाला. माणसांच्या चित्रांनाही विरोध करणाऱ्यांच्या राज्यात त्यांचा चेहरा तिथे लावला गेला, हे मला विशेष वाटतं. बंधाऱ्यांची देखभाल, गाळ उपसणं आणि नव्या कालव्यांची आखणी आता त्यांच्या हाताखाली तयार झालेले अफगाण कामगार आणि अभियंते करतात. पेशावर-काई आजही देणग्या गोळा करून त्यांना पैसा पुरवते.