वृत्तनिवेदिकेच्या गळ्यातली फुलराणी

एकपात्री अभिनयाच्या स्पर्धेला परीक्षक म्हणून बसलं की दुपारच्या जेवणापर्यंत ‘ती फुलराणी’ नाटकातल्या दोन-तीन तरी मंजुळा येऊन जातात. कमरेला खोचलेला पदर, हातात फुलांची परडी आणि मास्तराला चांगलाच धडा शिकवायची तीच ती प्रतिज्ञा. यातल्या बहुतेक मुलींचा जन्म पहिली मंजुळा करणाऱ्या भक्ती बर्वे गेल्यानंतरचा. तरी श्वास कुठे घ्यायचा, कुठला शब्द ताणायचा, रागातून एकदम स्वप्नात कधी शिरायचं, हे सगळं भक्तीबाईंचंच असतं. कुणी ते रेकॉर्डिंगवरून उचललेलं, कुणी आईच्या नकलेवरून.

हा आवाज आला कुठून, याची गोष्ट ‘ती फुलराणी’च्या बरीच आधी सुरू होते.

भक्ती बर्वे यांचा जन्म १० सप्टेंबर १९४८ चा. मुंबईत सुधा करमरकर यांनी १९५९ साली रत्नाकर मतकरींचं ‘मधुमंजिरी’ रंगमंचावर आणलं आणि मुलांसाठी मोठ्यांच्या तोडीची नाटकं करायची, हे गांभीर्यानं मनावर घेतलं. त्यांच्या लिटल थिएटरच्या बालनाट्यांतून ज्या मुली तयार झाल्या, त्यांतल्या भक्ती एक. बालनाट्याची एक बाजू फारशी बोलली जात नाही. समोरचा प्रेक्षक सात-आठ वर्षांचा असतो. कंटाळला तर तो शिष्टाचार पाळत बसत नाही, सरळ गोंधळ घालतो. अशा प्रेक्षकासमोर शब्द शेवटच्या रांगेपर्यंत स्वच्छ पोचवण्याची सवय लागली की ती जन्मभर पुरते.

पुढे आकाशवाणीवर निवेदन आणि मग दूरदर्शन. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं. चित्र कृष्णधवल, प्रक्षेपण मोजके तास आणि चाळीत एखाद्याच घरी संच. त्यामुळे संध्याकाळी त्या घराच्या उंबऱ्याबाहेर चपलांचा ढीग. वरळीच्या केंद्रातून बातम्या देणारे चेहरे महिन्याभरात घरचे झाले. स्मिता पाटील जीन्सवरच साडी गुंडाळून बातम्या वाचायला बसायच्या, ही तेव्हाची आवडती आठवण. भक्ती बर्वेही याच वृत्तनिवेदकांच्या पहिल्या फळीतल्या. तेव्हा निवेदकाचा ‘ण’ जरा ‘न’कडे झुकला किंवा ‘श’चा ‘स’ झाला, तर श्रोते पत्र टाकायचे. बातमी चुकली तर एक वेळ चालेल, पण उच्चार चुकता कामा नये, असा तो काळ. प्रमाण मराठी कशी ऐकू यायला हवी, हे ठरवणाऱ्या मोजक्या गळ्यांपैकी एक भक्तीबाईंचा होता.

आणि नेमकं याच बाईंच्या वाट्याला आलं अशुद्ध बोलणाऱ्या फुलवालीचं काम.

बर्नार्ड शॉ यांचं ‘पिग्मॅलियन’ १९१३ साली आधी व्हिएन्नात झालं आणि १९१४ साली लंडनमध्ये. उच्चारशास्त्राचा एक प्राध्यापक रस्त्यावरच्या फुलवालीला उच्चभ्रूंसारखं बोलायला शिकवतो, एवढंच कथानक. लंडनच्या प्रयोगात ही पोरसवदा फुलवाली, एलायझा, केली ती एकोणपन्नास वर्षांच्या मिसेस पॅट्रिक कॅम्पबेल यांनी! आपल्याकडे पु. ल. देशपांडे यांनी हे नाटक ‘ती फुलराणी’ म्हणून मराठीत आणलं, एलायझाची मंजुळा झाली, इंडियन नॅशनल थिएटरनं ते उभं केलं, आणि २९ जानेवारी १९७५ ला पहिला प्रयोग झाला तेव्हा भक्ती बर्वे सव्वीस वर्षांच्या होत्या. समोर प्राध्यापक म्हणून सतीश दुभाषी. पु. ल. स्वतः आकाशवाणीत काढलेले, दिल्लीत टेलिव्हिजन बाळसं धरत होतं तेव्हा तिथेही असलेले. माइकपुढचा गळा म्हणजे काय चीज असते, हे त्यांना वेगळं सांगायला नको होतं.

मंजुळेच्या भूमिकेची खरी मेख दोन्ही टोकांत आहे. पहिल्या भागात ती अस्सल रांगडी वाटली पाहिजे आणि शेवटी तिचं शुद्ध बोलणं उसनं वाटता कामा नये. बहुतेक नट्यांचं एक टोक पक्कं असतं आणि दुसरं ओढूनताणून आणलेलं. भक्तीबाईंकडे शुद्ध टोक नोकरीनं घोटून दिलेलं होतंच, रांगडं त्यांनी कमावलं. शिवाय मधला प्रवास, म्हणजे नव्या उच्चाराच्या आडून जुना डोकावतो ते क्षण, त्या बारकाईनं दाखवायच्या. ते प्रसिद्ध स्वगत त्याच्याही आधीचं. मास्तरावर चिडलेली मंजुळा एकटी असताना त्याचा सूड कसा घेईन याची चित्रं रंगवते. भाषा अजून तिचीच आहे, कुणी हात लावलेला नाही. माझ्या मते ते स्वगत लोकांच्या मनात इतकं बसलं ते याचमुळे. शुद्धलेखनाच्या तासाला ज्यांनी कधीतरी छडी खाल्ली, ते सगळेच मंजुळेच्या बाजूचे झाले.

फुलराणीनं बाकीची कामं झाकून टाकली, ही मात्र रुखरुख आहे. विजया मेहता दिग्दर्शित ‘अजब न्याय वर्तुळाचा’, म्हणजे जर्मन नाटककार ब्रेख्तच्या नाटकाचं चिं. त्र्यं. खानोलकरांनी केलेलं मराठी रूप, त्यात त्या होत्या. अशोक पाटोळे यांच्या ‘आई रिटायर होतेय’मध्ये घरकामातून निवृत्ती जाहीर करणारी आई त्यांची. दूरदर्शनवर त्यांनी बहिणाबाई चौधरी उभी केली. पुन्हा बोलीच, पण खानदेशातली, आणि या बाईला कुणी सुधारायला आलेलं नाही. हिंदी प्रेक्षक मात्र त्यांना ओळखतो तो ‘जाने भी दो यारो’ (१९८३) मधली ‘खबरदार’ची संपादिका शोभा सेन म्हणून. गोड बोलून दोन्हीकडून फायदा लाटणारी ती बाई त्यांनी एका स्मितावर पेलली आहे. १९९० मध्ये त्यांना संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला. पती शफी इनामदार हेही रंगभूमी आणि छोट्या पडद्यावरचे कसलेले नट, ‘ये जो है जिंदगी’मुळे घराघरात पोचलेले. ते १९९६ मध्ये गेले.

शेवटच्या काळात ‘पु. ल., फुलराणी आणि मी’ हा एकटीचा कार्यक्रम त्या करायच्या. १२ जून २०००ला पु. ल. गेले. बरोबर आठ महिन्यांनी, १२ फेब्रुवारी २००१ला, वाईचा कार्यक्रम आटोपून मुंबईला परतताना द्रुतगती मार्गावर भाताण बोगद्याजवळ भक्तीबाईंच्या गाडीला अपघात झाला आणि त्यात त्या गेल्या. वय बावन्न.

मंजुळा त्यांच्या हयातीतही आणि नंतरही इतर नट्यांनी केली. प्रिया तेंडुलकर, सुकन्या कुलकर्णी, अमृता सुभाष, हेमांगी कवी, प्रत्येकीची तऱ्हा वेगळी. स्पर्धेतल्या मुली मात्र अजून पहिलीच मंजुळा करतात. परवा एकीनं रागाच्या भरात एक ‘ण’ चुकून अगदी स्वच्छ उच्चारला आणि जीभ चावली. बातम्या वाचणाऱ्या भक्तीबाईंना तो नक्की पसंत पडला असता.