बर्डी बाजारातले आर्टिफिशियल कानातले चालत नाही म्हणून दाताचं इम्प्लांटही चालणार नाही? खुलासा

नागपुरात हे वर्षानुवर्षं फिरून राहिलंय की ज्याला आर्टिफिशियल दागिन्यांनी खाज येते त्याचं शरीर दाताचं इम्प्लांटही (जबड्याच्या हाडात बसवलेला स्क्रू) बाहेर फेकतं, आणि त्यापायी कितीतरी काका-काकू कवळीवरच दिवस काढून राहिले, मला खरंच वाईट वाटतं.

बर्डीवरच्या कानातल्यांनी जी खाज येते ती बहुतेक वेळा निकेलची, आणि इम्प्लांट असतं टायटॅनियमचं, त्यात निकेल असलंच तर अगदी नावापुरतं. टायटॅनियमवर हवा लागताच ऑक्साइडचा पातळ थर चढतो, तो धातूला गंजू देत नाही, म्हणून हाड त्याला घट्ट धरतं. स्वीडनच्या डॉ. ब्रोनेमार्क यांनी 1965 मध्ये पहिल्या पेशंटला असे इम्प्लांट बसवले.

अ‍ॅलर्जी होतच नाही असं मात्र नाही. 2008 च्या एका स्पॅनिश अभ्यासात 1500 पेशंटपैकी 9 जणांची टेस्ट पॉझिटिव्ह आली, म्हणजे 0.6 टक्के. पण टायटॅनियमची पॅच टेस्ट (कातडीवर पट्टी लावून करतात ती) तितकी भरवशाची नाही, नुसत्या रिपोर्टवर घाबरू नका.

निकेलची खरी भानगड इम्प्लांटवर बसवतात त्या दाताच्या कॅपमध्ये असू शकते! स्वस्तातल्या सिरॅमिक कॅपच्या आत बरेचदा निकेल-क्रोमियम असतं, तर खाजेचा त्रास असेल तर डॉक्टरांना आधीच सांगा आणि झिर्कोनियाची (आत धातू नसलेली पांढरी सिरॅमिक) कॅप मागा, इम्प्लांटसुद्धा झिर्कोनियाचं मिळतं.

अन् इम्प्लांट हललं की लगेच अ‍ॅलर्जी म्हणू नका, बहुतेकदा कारण इन्फेक्शन, सिगारेट, कंट्रोलमध्ये नसलेली शुगर हेच निघतं, आणि तंबाखू-सुपारीचा खर्रा खाणाऱ्यांनी तर हे डॉक्टरांपासून अजिबात लपवू नये.